दातवण, सुई आणि हाची : टोकियोच्या संस्कृत अध्यासनाची वाटचाल

होंगोला टोकियो विद्यापीठाच्या लाल दरवाजासमोरच्या रस्त्यावर सोबाची लहान लहान दुकानं आहेत. वाडगा संपला की माणसं टेबलावरच्या लाकडी नळीतून एक काडी काढतात, दुसरा हात तोंडासमोर धरतात आणि दात कोरतात. या काडीला इथे ‘योजी’ म्हणतात. ती दोन अक्षरांनी लिहितात. पहिलं अक्षर वाळुंजाच्या जातीच्या झाडाचं, दुसरं फांदीचं. टेबलावरची काडी वाळुंजाची नसते, आणि फांदी म्हणावी इतकी जाडही नसते. मग हे नाव का, असं विचारत गेलं की आपण नालंदेला पोहोचतो.

नालंदेचे भिक्षू सकाळी उठून ‘दन्तकाष्ठ’ चावत. सातव्या शतकात चीनहून आलेला इत्सिंग तिथे सुमारे दहा वर्षं राहिला आणि त्याने या काष्ठाची मापं लिहून ठेवली. लांबी बारा अंगुळं, आखूड झालं तरी आठाच्या खाली नको, जाडी करंगळीएवढी. एक टोक सावकाश चावून कुंचल्यासारखं करायचं आणि त्याने दात घासायचे. माझे आजोबा बाभळीची काडी अशीच चावत अंगणात फेऱ्या मारायचे. इत्सिंगचं वर्णन वाचताना मला त्यांची पाठ दिसते. चिनी भाषांतरकारांनी दन्तकाष्ठाला ‘वाळुंजाची फांदी’ असं नाव दिलं होतं. इत्सिंगला ते अजिबात मान्य नव्हतं. भारतात ते झाड क्वचितच दिसतं, नालंदेत बुद्धाच्या दातवणाचं म्हणून जे झाड दाखवतात तेही त्या जातीचं नाही, मग हे नाव आणलंत कुठून, असा त्याचा रोखठोक सवाल आहे. त्याचं कुणी ऐकलं नाही. चुकीचंच नाव समुद्र ओलांडून जपानला आलं, पुढे दातवणाचं दातकोरणं झालं, आणि आज टोकियोतल्या प्रत्येक खाणावळीत ते नळीत उभं आहे.

इत्सिंगचा हा वृत्तान्त १८९६ मध्ये ऑक्सफर्डहून इंग्रजीत प्रसिद्ध झाला. भाषांतर करणारे ताकाकुसु जुंजिरो तेव्हा तिशीत होते. पाच वर्षांनी, १९०१ मध्ये, टोकियोच्या विद्यापीठात संस्कृतचं स्वतंत्र अध्यासन निघालं तेव्हा तेच त्याचे पहिले प्राध्यापक झाले. निर्वाण, शून्यता, आत्मा हे शब्द नीट समजून घेण्यासाठी ही जागा निर्माण झाली होती. पण तिथल्या माणसांना सूप, चाळणी, सुई, घागर यांच्यापाशीही वेळोवेळी थांबावं लागलं. या अध्यासनाचं मोठेपण मला त्या थांबण्यात दिसतं, म्हणून त्याची वाटचाल मी त्याच बाजूने सांगणार आहे.

अध्यासनाआधीचा काळ थोडक्यात. जपानमध्ये संस्कृत अक्षरं नवव्या शतकापासून गिरवली जात होती. मंत्र लिहिण्यासाठी सिद्धम् लिपी शिकत, भाषा मात्र फारशी कुणी शिकत नव्हतं. अठराव्या शतकात जिउन नावाच्या भिक्षूने हाती होतं तेवढ्या साहित्यावरून व्याकरणाची वाट शोधली आणि सुमारे हजार भागांचा संग्रह रचला. ते एकट्या माणसाचं तप होतं. टोकियो विद्यापीठ १८७७ मध्ये स्थापन झालं. दोनच वर्षांनी हारा तानझान यांची बौद्ध ग्रंथांवरची व्याख्यानं सुरू झाली, पण ती चिनी ग्रंथांवरची. संस्कृत आलं ते १८८५ मध्ये, नांजो बुन्यू यांच्याबरोबर.

नांजो १८७६ मध्ये कासाहारा केन्जू या सोबत्याबरोबर इंग्लंडला गेले आणि ऑक्सफर्डला मॅक्स म्युलर यांच्याकडे संस्कृत शिकले. कासाहारा आजारी पडून परतले आणि १८८३ मध्ये वारले. नांजोंनी त्याच वर्षी चिनी त्रिपिटकातल्या १६६२ ग्रंथांची सूची छापली. पुढच्या वर्षी गुरुशिष्यांनी मिळून होर्यूजी मठातली ताडपत्रं संपादित केली. ही पानं मठाने १८७८ मध्ये राजघराण्याला अर्पण केलेल्या वस्तूंबरोबर आली आणि आता उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहेत. त्या पुस्तकाला लिपीविषयीची पुरवणी जोडली ती जॉर्ज ब्यूलर यांनी. हे तेच ब्यूलर, जे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायचे आणि मुंबई सरकारसाठी गावोगाव हस्तलिखितं गोळा करायचे. ती हस्तलिखितं आज पुण्याच्या भांडारकर संस्थेत आहेत. टोकियोतल्या संस्कृत अभ्यासाच्या पहिल्याच ठशात पुण्याच्या कामाचा धागा असा विणलेला आहे, आणि दोन्हीकडच्या माणसांनी तो लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

आता ताकाकुसु. इत्सिंगच्या पुस्तकात दर्शनांची चर्चा कमी आणि मठातली दिनचर्या जास्त. पाणी कसं ठेवावं, कसं गाळावं, कशावर बसून जेवावं, भांडं कशाने घासावं. एक अख्खं प्रकरण पाण्याच्या दोन भांड्यांवर आहे. पिण्याचं शुद्ध पाणी एका भांड्यात, हातपाय धुण्याचं दुसऱ्यात, आणि दोन्हींची सरमिसळ नाही. मराठी घरात वाढलेल्याला हे सोवळंओवळं समजावून सांगावं लागत नाही. चकित करते ती पुढची ओळ : शुद्ध पाण्याचं भांडं मातीचं किंवा चिनी मातीचं, आणि धुण्याच्या पाण्याचं तांब्याचं किंवा लोखंडाचं. आपल्याकडे देवघराशी तांब्याचा गडू आणि माठ ओसरीवर. नालंदेत नेमकं उलट. या भांड्यांना इत्सिंग कुण्डी आणि कलश म्हणतो. तरुण ताकाकुसुंना ऑक्सफर्डच्या खोलीत बसून या प्रत्येक शब्दाचं चिनी उच्चारातून मूळ संस्कृत शोधावं लागलं. बसायच्या आसनाची उंची सात इंच, बैठक एक फूट चौरस आणि वेताने विणलेली, हे माप नजरेसमोर आल्याशिवाय शब्द ठरवता येत नव्हता. वस्तू माहीत नसेल तर कोशातला अर्थ लंगडा राहतो, हा धडा त्यांनी इथे घेतला असावा, कारण पुढच्या सगळ्या कामात त्यांनी तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांइतकंच महत्त्व विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या दैनंदिन नियमांच्या, ग्रंथांना दिलं.

अध्यासन निघालं त्याच वर्षी आणखी एक ठेवा टोकियोत आला. मॅक्स म्युलर १९०० मध्ये वारले. त्यांचा सुमारे दहा हजार ग्रंथांचा खाजगी संग्रह मित्सुबिशी घराण्यातल्या इवासाकी हिसाया यांनी विकत घेऊन विद्यापीठाला दिला. ऋग्वेदाचा पहिला छापील सायणभाष्यासह पाठ ज्या पुस्तकांच्या आधाराने तयार झाला, ती पुस्तकं होंगोच्या कपाटांत येऊन बसली. ताकाकुसु स्वतः १९१३ मध्ये कावागुची एकाई यांच्याबरोबर नेपाळला गेले. त्या दोघांनी जमवलेली संस्कृत हस्तलिखितंही याच विद्यापीठात आली.

१ सप्टेंबर १९२३, सकाळी अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटं. कांतोचा भूकंप. दुपारच्या स्वयंपाकासाठी घरोघर चुली पेटलेल्या होत्या, शहर पेटत गेलं. विद्यापीठाचं ग्रंथालय जळालं आणि म्युलरांचा संग्रह त्यात गेला. नेपाळची हस्तलिखितं वाचली. मात्सुनामी सेइरेन यांनी १९६५ मध्ये त्यांची सूची छापली. होंगोच्या आवारात फिरताना आजच्या ग्रंथालयापाशी मी दर वेळी थांबतो. म्युलरांनी समासात केलेल्या शिसपेनीच्या खुणा तिथे राख झाल्या आहेत, ही गोष्ट मला अजून सोसत नाही.

त्या राखेतूनच १९२४ मध्ये तायशो त्रिपिटकाचा पहिला खंड बाहेर पडला. ताकाकुसु आणि वातानाबे काइग्योकु यांनी हाती घेतलेलं हे काम १९३४ मध्ये शंभर खंडांवर पूर्ण झालं. आज जगात कुठेही चिनी बौद्ध ग्रंथाचा संदर्भ द्यायचा तर याच आवृत्तीचा देतात. पिटक म्हणजे टोपली. आपली पेटी आणि पेटारा याच गोतावळ्यातले. वेताच्या टोपलीचं नाव धर्मग्रंथाला मिळालं, जसं सुताचं नाव सूत्राला आणि मागाचं नाव तंत्राला मिळालं. आपल्या पूर्वजांना मोठी गोष्ट सांगायची झाली की हाताशी असलेलं साधन उचलून ते बोलत.

या शंभर खंडांतला चोपन्नावा मला सगळ्यात प्रिय. त्यात संस्कृत-चिनी शब्दांच्या जुन्या याद्या आहेत. एक परंपरेने इत्सिंगच्या नावावर असलेली हजार शब्दांची, दुसरी कूचा देशातून आलेल्या लियान या भिक्षूची, ‘संस्कृतातली किरकोळ नावं’ अशा अर्थाच्या मथळ्याची. जपानी भिक्षूंनी या याद्या चीनहून आणल्या, नकलून काढल्या आणि मठांत सांभाळल्या. हजार शब्दांच्या यादीची एक जुनी प्रत तोयो बुंको या टोकियोतल्या ग्रंथालयात आहे. तेही इवासाकींनीच १९२४ मध्ये उभारलं. याद्यांत आकाश, पृथ्वी, हातपाय, नातीगोती, धान्यं, भांडीकुंडी, जनावरं असे शब्द ओळीने येतात. चिनी शब्द, शेजारी त्याचा संस्कृत, उच्चार चिनी अक्षरांत. आत्मा आणि मोक्ष यांची चर्चा करायला जाणाऱ्याला ही यादी कशाला? तर पोहोचल्यावर पहिल्या संध्याकाळी त्याला पाणी मागायचं असतं, सुरी मागायची असते, अंथरूण मागायचं असतं. प्रबोधचंद्र बागची यांनी १९२९ आणि १९३७ मध्ये पॅरिसहून या दोन कोशांचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा त्यांच्यासमोर जपानने जपलेले हे पाठ होते. संस्कृतातल्या रोजच्या नावांची नोंद भारताबाहेर, परक्या लिपीत, हजार वर्षं टिकावी यात मला खेद वाटत नाही. ज्याला नाव विसरण्याची भीती असते तोच ते लिहून ठेवतो. आपल्याला ती भीती नव्हती, कारण वस्तू हातात होती.

ताकाकुसु १९२७ मध्ये निवृत्त झाले, तरी थांबले नाहीत. १९३५ ते १९४१ या काळात त्यांच्या देखरेखीखाली पाली त्रिपिटकाचं जपानी भाषांतर निघालं. त्याचे पहिले खंड विनयाचे, आणि विनयात सुईची गोष्ट आहे. भिक्षू चीवरं शिवायला कोंबड्याचं पीस आणि बांबूची कामटी वापरत, शिवण धड येईना. बुद्धाने सुईला परवानगी दिली. सुया गंजू लागल्या, तेव्हा सुया ठेवायला नळी आली. नळीतही गंजल्या. मग ती किण्वाच्या पुडीने भरून पाहिली, सातूच्या पिठाने भरून पाहिली, शेवटी मेणापर्यंत प्रकरण गेलं. एकेका उपायाला स्वतंत्र अनुमती. जगातल्या किती धर्मग्रंथांत सुई गंजू नये म्हणून इतका विचार केलेला असेल! आमच्याकडे शिवणाच्या डब्यात सुया तेलाच्या चिंधीत खोचून ठेवत, आणि ‘सुई’ हा शब्द ‘सूची’ची फक्त टोकाची च घासून झालेला आहे. सातूचं पीठही अजून तेच नाव लावून आहे, संस्कृतातला सक्तु, पालीतला सत्तु.

सुईवरून आठवलं. आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिराच्या आवारात दर ८ फेब्रुवारीला मोडक्या सुयांचा विधी होतो, हारी-कुयो. हारी म्हणजे सुई. कुयो हा पूजा या संस्कृत शब्दासाठी योजलेला शब्द. पांढऱ्या तोफूची मोठी वडी ताटात ठेवलेली असते. वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या सुया घेऊन बायका येतात आणि एकेक सुई त्या मऊ वडीत खोचतात. जन्मभर कडक कापडातून गेलेल्या सुईला शेवटी मऊ जागा मिळावी, एवढाच भाव. माझ्यासमोरच्या आजीबाईंनी कागदाच्या पुडीतून पाच सुया काढल्या. शेवटची हाताला लागेना, तेव्हा त्यांनी पुडी तळहातावर झटकली, सुई बोटांत धरून क्षणभर पाहिली आणि खोचली. खंडेनवमीला विळा-कोयत्याला, करवतीला, शिवणयंत्राला हळदकुंकू लावणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही.

ताकाकुसुंच्या मागून अध्यासनाचा रोख वेदांकडे वळला. ते काम त्सुजी नाओशिरो यांचं. ब्राह्मणग्रंथ आणि श्रौतसूत्रं यांच्या परस्परसंबंधावरचा त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये तोयो बुंकोने छापला, ऋग्वेदातल्या निवडक सूक्तांचं जपानी भाषांतर १९७० मध्ये आलं. श्रौतसूत्रं म्हणजे अवजारांचा सागर. शतपथ ब्राह्मणाच्या आरंभीच दर्शपूर्णमास यागाची दहा साधनं जोडीजोडीने मांडली आहेत : शूर्प आणि अग्निहोत्रहवणी, स्फ्य आणि कपालं, शम्या आणि कृष्णाजिन, उलूखल आणि मुसल, दृषद आणि उपल. ही यादी जपानी विद्यार्थ्याला रेखाटनं पाहून शिकावी लागते. मराठी माणसाने ती मोठ्याने वाचावी. शूर्प म्हणजे सूप, उलूखल म्हणजे उखळ, मुसल म्हणजे मुसळ. दृषद-उपल ही नावं गेली, पण पाटा-वरवंटा आहे. कपाल म्हणजे पुरोडाश भाजायची खापरी. खानदेशात मांडे अजून खापरावर भाजतात. दाणे सांडू नयेत म्हणून उखळाखाली कृष्णाजिन अंथरायचं आणि पाट्याला उतार यावा म्हणून खाली शम्या सरकवायची. पाट्याखाली लाकडाचा तुकडा सरकवणारी बाई आमच्या गल्लीत होती, आणि तिने शतपथाचं नाव ऐकलेलं नव्हतं.

याच परंपरेतले एनोओ शिंगो यांचा चातुर्मास्य यागांवरचा जर्मन ग्रंथ १९८८ मध्ये टोकियोच्या परदेशी भाषा विद्यापीठातल्या संशोधन संस्थेने काढला. त्या यागांत वरुणप्रघासाच्या वेळी घरात जितकी माणसं तितकी, आणि वर एक, अशी सातूच्या पिठाची भांडी करतात. यजमानाची बायको ती सुपात ठेवते, सूप डोक्यावर घेते आणि सुपानेच आहुती देते. सुपातून वाण देणाऱ्या आपल्या बायकांचं सूप किती जुनं आहे ते इथे कळतं. पुण्यात १९२८ मध्ये सुरू झालेल्या वैदिक संशोधन मंडळाने यज्ञातली ही पात्रं आणि आयुधं जमवली, आणि १९८९ मध्ये त्र्यं. ना. धर्माधिकारी यांनी त्यांचा सचित्र संग्रह प्रसिद्ध केला. ‘स्फ्य’ या शब्दापाशी अडलेल्या माणसाने ते लाकडी खड्ग एकदा डोळ्यांनी पाहावं; कोशातल्या दहा ओळींचं काम एका नजरेत होतं.

चाळणीचा वैदिक शब्द मात्र विलक्षण आहे : तितउ. संस्कृतात एकाच शब्दात अ आणि उ सहसा असे सुटे शेजारी बसत नाहीत, हा बसला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, वाणीवरच्या सूक्तात, शहाण्या माणसांनी शब्द निवडून घेण्याला सातू चाळण्याची उपमा दिली आहे, आणि पतंजलीने महाभाष्याच्या सुरुवातीलाच या ऋचेचा अर्थ सांगताना तितउचं परिपवन असं स्पष्टीकरण केलं. म्हणजे त्याच्या काळीही हा शब्द समजावून सांगावा लागत होता. भाषेविषयीचा सगळ्यात सुंदर विचार आपल्याकडे एका घरगुती वस्तूवर उभा आहे, आणि त्या वस्तूचं नाव आधी संपलं. चालनी राहिली, ती आपली चाळणी.

श्रौत पळ्या टोकियोत हलताना पाहायच्या असतील तर मोनझेन-नाकाचोला फुकागावा फुदोदोत जावं. २०११ मध्ये बांधलेल्या तिथल्या सभागृहाच्या बाहेरच्या भिंती सिद्धम् अक्षरांनी मढवल्या आहेत. आत रोज दिवसातून अनेकदा ‘गोमा’ होतो. गोमा म्हणजे होम, शब्द तोच. मोठे ढोल छाती हलवून सोडतात, ज्वाळा माणसाच्या उंचीएवढी जाते, आणि अग्नीसमोर बसलेल्या पुरोहिताच्या हातात लांब दांड्याच्या दोन पळ्या असतात, एक लहान, एक मोठी. तेल घेतात, आगीत सोडतात, परत घेतात. स्रुव आणि स्रुच् या वैदिक जोडीचेच हे वंशज. माझ्या शेजारी शाळेच्या गणवेशातली मुलगी परीक्षेचा नवस घेऊन बसली होती. संस्कृत अध्यासन तिथून अर्ध्या तासावर आहे. पुस्तकात हे शब्द शिकवणारे आणि इथे हातात धरणारे यांची क्वचितच गाठ पडते, पण नावाचा प्रवास दोघांमुळे पुरा होतो.

कोशांची हकिकत वेगळी सांगायला हवी. ओगिवारा उनराई हे तायशो विद्यापीठातले, स्ट्रासबर्गला शिकलेले भिक्षू. त्यांनी संस्कृत-जपानी महाकोश हाती घेतला आणि १९३७ मध्ये ते वारले. त्सुजी आणि इतरांनी तो पुढे नेला. १९७० च्या दशकात तो पूर्ण झाला. या कोशात प्रत्येक संस्कृत शब्दापुढे जुन्या चिनी भाषांतरकारांनी वापरलेले शब्दही दिले आहेत. त्यामुळे ‘पात्र’ उघडलं की भारतातल्या वाडग्याबरोबर त्याचा चीनमधला अवतारही समोर येतो.

नाकामुरा हाजिमे यांच्या कोशाची गोष्ट इथे विद्यार्थ्यांना अजून सांगतात. १९५४ ते १९७३ ते या विद्यापीठात प्राध्यापक होते. बौद्ध शब्दांच्या कोशाचं सुमारे वीस वर्षांचं हस्तलिखित एका प्रकाशनसंस्थेकडून हरवलं. शोधाशोध झाली, मिळालं नाही. रागावून कागद परत येणार नाहीत म्हणाले आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून बसले. आठ वर्षांनी, १९७५ मध्ये, तीन खंडांत ४५ हजार शब्दांचा कोश आला. अर्थ साध्या, बोलत्या जपानीत, कारण कठीण शब्दाला दुसरा कठीण शब्द हे त्यांना पटत नव्हतं. निवृत्तीनंतर १९७३ मध्ये त्यांनी तोहो गाकुइन ही शाळा कांदा मिओजिन देवळाजवळ चालवली. तिथे प्रवेशाला पदवी विचारत नसत, शिकायची इच्छा पुरे होती.

नाकामुरांनीच सुत्तनिपाताचं जपानी भाषांतर केलं, १९५८ मध्ये. त्यात शेतकरी ब्राह्मण बुद्धाला विचारतो, तू कुठे नांगरतोस? बुद्ध आपल्या साधनेचं रूप नांगराच्या एकेक भागाने सांगतो. पालीतले ते शब्द मी एकदा आमच्याकडच्या एका शेतकऱ्याला फोनवर वाचून दाखवले. युग म्हणताच तो जू म्हणाला. नङ्गल म्हणताच नांगर. ईसा म्हणताच इसाड, योत्त म्हणताच जोतं, फाल म्हणताच फाळ. पाचन त्याला अडलं. बैल टोचायची काठी, असं मी सांगितलं तेव्हा ‘मग पराणी म्हणा की’ असं म्हणाला. टोकियोच्या विद्यार्थ्याला या सूत्राचा तळ गाठायला कोश, टीपा आणि चित्रं लागतात. त्या माणसाला चष्माही लागला नाही.

इथे एक गोष्ट बोलली पाहिजे. अमरकोशात कारागिरांची हत्यारं शूद्रवर्गात आहेत. करपत्र, आरा, टङ्क, भस्त्रा, मूषा, कर्तरी. नावं पंडिताने लिहून घेतली, पण ती ज्यांच्या हातात होती त्यांचं नाव ग्रंथात नाही. करवत, आरी, टाकी, भाता, मूस, कातर हे शब्द मराठीत आले ते पोथीतून आले नाहीत. सुतार, चांभार, पाथरवट, लोहार, सोनार यांच्या तोंडून आले. टोकियोत या माणसांकडेही कुणीतरी पाहिलं याचा मला फार आनंद आहे. हितोत्सुबाशी विद्यापीठाचे फुकाझावा हिरोशी यांनी पेशवाईतली मराठी कागदपत्रं वाचून बलुतेदारांचा अभ्यास केला. बलुतेदार एकेका घराचा नव्हे, सबंध गावाचा सेवक होता, ही त्यांची मांडणी. १९८६ मध्ये ते वारले, त्यांचे मध्ययुगीन दख्खनवरचे लेख १९९१ मध्ये पुस्तकरूपाने आले. संस्कृत अध्यासनाचे ते नव्हते, पण त्या यादीतली रिकामी जागा त्यांनी भरली असं मी मानतो.

आताचं काम पडद्यावर चालतं. एजिमा यासुनोरी यांनी १९९० च्या दशकात तायशो त्रिपिटक संगणकावर आणण्याचं काम सुरू केलं, शिमोदा मासाहिरो यांनी पुढे नेलं, आणि २००८ पासून मजकुराचे सगळे ८५ खंड कुणालाही शोधता येतात. ‘दन्तकाष्ठ’साठी योजलेली चिनी अक्षरं टाकली की क्षणात सगळ्या जागा समोर येतात. पुण्यात डेक्कन कॉलेजात सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या संस्कृत महाकोशाच्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या लोखंडी कपाटांत आहेत, सुमारे १५०० ग्रंथांतून हाताने टिपलेल्या. पहिला भाग १९७६ मध्ये अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली आला आणि ‘अ’चंच काम दशकानुदशकं चाललं. कुणी त्याला संथ म्हणतं. एकेका शब्दाचा प्रत्येक वापर पाहिल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही, ही शिस्त आहे. टोकियोत हारा मिनोरु यांनी एकेका संस्कृत शब्दावर असंच काम केलं.

परवा काप्पाबाशीला गेलो होतो. उएनो आणि आसाकुसा यांच्यामधला हा रस्ता स्वयंपाकाच्या साधनांचा. दुतर्फा सुऱ्या, कढया, चाळण्या, बांबूची सुपं. एका दुकानात मातीचा जाड वाडगा होता, आतून सगळीकडे बारीक रेघा कोरलेला, सोबत सान्शोच्या लाकडाचा दस्ता. सुरीबाची. सुरी म्हणजे इथे घासणं, वाटणं. बाची म्हणजे हाची, आणि हाची म्हणजे पात्र. ‘पात्र’चं चिनी उच्चारात ‘पातरा’सारखं काहीतरी झालं, त्यातलं पहिलं अक्षर उरलं, आणि भिक्षूच्या भिक्षापात्राचं नाव जपानी घरात शिरलं. शेगडीचं हिबाची, झाडाच्या कुंडीचं उएकीबाची. आपल्याकडे इत्सिंगच्या शुद्ध पाण्याच्या कुण्डीत तुळस लावतात, इथे बुद्धाच्या पात्रात.

दुकानदाराने वाडगा उलटा करून तळ दाखवला, घसरू नये म्हणून तो खरबरीत ठेवतात. मी मधल्या मापाचा घेतला. आठवडाभर त्यात तीळ वाटून पाहिले, काल शेंगदाणे. कूट हवं तसं भरड झालं, फक्त रेघांत अडकलेलं काढायला बांबूची छोटी कुंचली लागते. तिचं नाव विचारायचं राहून गेलं आहे. शनिवारी परत जाणार आहे.